घोषणापत्राचं पारायण

घर बघायला गेल्यावर माणसं आधी स्वयंपाकघर बघतात, मग पाण्याची वेळ विचारतात आणि निघता निघता शेजारी कोण आहे ते हळूच काढून घेतात. मी आधी खिडकीतून खाली बघायचे. खाली औदुंबर आहे का, एवढाच माझा प्रश्न. रोज सकाळी औदुंबराला प्रदक्षिणा घातल्याशिवाय मी चहाला तोंड लावत नाही, आणि मला चहा मिळाला नाही की आमच्या घरात त्या दिवशी कुणालाच काही धड मिळत नाही, असं आमचे हे म्हणतात. घाटकोपरची आमची इमारत पुनर्विकासाला निघाली होती आणि तिच्याबरोबर मागच्या अंगणातला औदुंबरही. तेव्हा दत्तजयंतीच्या आत नवं घर हवं होतं. नवं घर म्हणजे नवा औदुंबर. भिंती काय, कुठेही मिळतात.

आमचा एजंट नितेश हा गुणी मुलगा. त्याला झाड या विषयात गती नव्हती, एवढंच. "काकी, ट्री फेसिंग पाहिजे ना? टेन्शन नका घेऊ," म्हणून त्यानं विक्रोळीला मला कुंडीतला पाम दाखवला. भांडुपला लॉबीच्या भिंतीवर रंगवलेलं अख्खं जंगल दाखवलं आणि वर म्हणाला, "बघा काकी, पानगळ पण नाही." आरे कॉलनीच्या कडेला एक घर होतं, तिथे झाडंच झाडं, पण बिबट्या दिसतो का, असं ह्यांनी विचारल्यावर वॉचमन नको इतक्या उत्साहाने "रोज!" म्हणाला.

अखेर मुलुंड पूर्वेला औदुंबर सापडला. तळमजल्याच्या बाजूला, कुंपणालगत, चांगला भरगच्च. बुंध्याशी कुणीतरी वाहिलेली दोन फुलंही होती. वरचं घर मी बघितलं असावं. मला आठवत नाही.

"घ्यायचं," मी म्हणाले.

"काकी, एक सांगायचं राहिलं," नितेश म्हणाला. "ही सोसायटी नाहीये. कॉन्डोमिनियम आहे."

तो हे अशा सुरात म्हणाला, की घरात काहीतरी आजारपण आहे की काय असं मला वाटलं.

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे... सोसायटीसारखंच. पण कॉन्डोमिनियम. एकदम झकास कन्सेप्ट आहे, काकी."

घाटकोपरला परत आल्यावर शेजारच्या माधुरीला विचारलं. माधुरीला सगळं माहीत असतं, आणि जे माहीत नसतं ते तिच्या नणंदेच्या जावेच्या बाबतीत घडलेलं असतं. ती लगेच म्हणाली, "नको गं बाई. माझ्या नणंदेच्या जावेनं कॉन्डोमिनियममध्ये घर घेतलं. वर्षभरात केस गेले तिचे."

"कॉन्डोमिनियममुळे?"

"पाण्यामुळे. पण तुला सांगून ठेवते. आणि सोसायटीत निदान सेक्रेटरी असतो भांडायला. तिथे तू भांडणार कुणाशी?"

हा मुद्दा विचार करण्यासारखा होता, पण मी कुणाशीच भांडत नाही. माझा आवाज मुळात इतका बारीक, की भाजीवाला मला दोनदा विचारतो आणि तिसऱ्यांदा स्वतःच ठरवून वांगी देतो.

ह्यांचं मत अगदी सोपं होतं. हे ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्रात नोकरीला होते. तिथे त्यांनी नेमकं काय केलं ते मला आजतागायत ठाऊक नाही. कँटीनमध्ये कसली भाजी होती हेही ते कधी घरी सांगत नसत. ते म्हणाले, "अगं, कागदावर जिथे फुली असते तिथे सही करायची. वाचायचं नाही. वाचलं की जबाबदारी येते."

माझी भाची श्रुतिका अंधेरीच्या कोर्टात वकिली करते. तिनं मात्र फोनवर झापलंच. "मावशी, सोसायटीत इमारत सोसायटीची असते आणि तू तिची सभासद. इथे घर तुझं स्वतःचं. शिवाय जमीन, जिना, गच्ची, लिफ्ट, सगळ्यात तुझा टक्क्यांनी हिस्सा. कुणाचा किती, कुठली जागा सगळ्यांची, कुठली एकाच घरासाठी राखीव, हे सगळं घोषणापत्रात लिहिलेलं असतं. डीड ऑफ डिक्लेरेशन. ते पूर्ण वाचायचं, मग सही. न वाचता केलीस तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

नितेशनं ते आणून दिलं. चांगलं जाडजूड, कडा पिवळ्या पडलेलं, आणि नशिबाने मराठीत. अर्थात सरकारी मराठीत. मी दोन ओळी वाचल्या आणि माझी खात्री पटली, की हे सोफ्यावर बसून वाचायचं काम नाही. असं काही वाचायची आमच्या घरात एकच रीत आहे.

दुसऱ्या दिवशी स्नान झाल्यावर मी चौरंग मांडला, समई लावली, घोषणापत्राला शेवंतीचं फूल वाहिलं आणि वाचायला बसले. पारायणाचे नियम सर्वांना माहीत आहेत. मोठ्याने वाचायचं. मधलं काही गाळायचं नाही. अध्यायाच्या मध्ये उठायचं नाही. माझ्या मते सरकारने हे नियम कायद्यातच घालावेत. निम्मे दावे आपोआप कमी होतील.

"मी, खाली सही करणार, याद्वारे घोषित करतो की..." अशी सुरुवात होती. गणेशाला नमन नाही, सरस्वतीला नाही, थेट मी. पण ग्रंथाचा मान म्हणून मी हात जोडले. सातबारा, चतुःसीमा, "पूर्वेस नाला" वगैरे आलं. माधुरी वाटीभर साखर घेऊन ऐकायला येऊन बसली. हे एकदा टाळ्या वाजवत बाहेर आले. त्यांना आरती सुरू झाली असं वाटलं होतं. माधुरी मात्र रंगली. "मग पुढे त्या विकासकाचं काय झालं गं?" असं ती रोज निघताना विचारायची.

आणि मग परिशिष्ट आलं. 'मर्यादित सामाईक क्षेत्रे'. मी वाचत गेले: "तळमजल्यावरील पूर्वेकडील सदनिकेलगतची मोकळी जागा, कुंपणापासून ते उंबराच्या झाडाच्या बुंध्याच्या मध्यापर्यंत, ही केवळ सदर सदनिकाधारकाच्या वापरासाठी राखीव राहील."

मी पुन्हा वाचलं. पारायणात पुन्हा वाचायला हरकत नसते.

"म्हणजे अर्धा देव त्याचा?" माधुरी म्हणाली.

वाट लागली, हा शब्द मी समईसमोर उच्चारणार नाही. पण आला तो मनात.

हिशेब अगदी सरळ होता. औदुंबराची अर्धी बाजू सगळ्यांची आणि अर्धी तळमजल्यावाल्याची. प्रदक्षिणा घालायची तर निम्मी वाट मालकी हक्काने चालायची आणि निम्मी घुसखोरी करत. ह्यांनी तोडगा काढला. "शंकराला अर्धीच प्रदक्षिणा घालतात ना? जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. दत्तात शंकर आहेच. मग?"

"दत्तात ब्रह्मा आणि विष्णूही आहेत," मी हळूच म्हणाले. "त्यांचं काय?"

"ते बहुमतात आहेत खरे," हे म्हणाले आणि वर्तमानपत्रात शिरले.

मी वॉर्ड ऑफिसला गेले. उद्यान खात्याच्या खिडकीवरच्या गृहस्थांना विचारलं, की झाडाची मालकी कुणाकडे असते. ते म्हणाले, "तोडायचंय?"

"नाही हो. शिव शिव."

"फांदी छाटायचीय?"

"नाही. त्याच्याभोवती फिरायचंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ड्रॉवरकडे बघितलं. "तोडण्याचा अर्ज आहे, छाटणीचा आहे. फिरण्याचा नाही. छाटणीचा भरता का? त्यात 'इतर कारण' असा रकाना आहे."

मग इमारतीच्या अध्यक्षांकडे जाणं आलं. हर्षदभाई हे दोन घरं एकत्र करून राहणारे भले गृहस्थ. तो दिवस मार्गशीर्षातला गुरुवार होता. मी घोषणापत्र रेशमी कापडात गुंडाळून नेलं होतं. ते बघून त्यांनी चपला काढल्या.

"बेन, झाड तो झाड छे. कुणाचं कशाला?" ते म्हणाले. "तीस वर्षं आम्ही राहतो, आमाला कोणी असं विचारलं नाय."

"आपण घोषणापत्र वाचलंय का?"

"हे हाय काय ते? अमारे पास पण हाय. कपाटात, वरती. सूटकेसच्या खाली." मग ते मोठ्या मनाने म्हणाले, "चला, झाडाचा पेज वाचा."

आता इथेच माझं चुकलं असं पुढे सगळे म्हणाले. पण मला सांगा, पोथी कुणी मधूनच उघडतं का? निदान तो अध्याय तरी पहिल्यापासून वाचायला हवा. लॉबीतल्या सोफ्यावर बसून मी सामाईक क्षेत्रांचा अध्याय सुरू केला. गुरुवार, रेशमी कापड, बाई काहीतरी वाचते आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, मार्गशीर्षाची कहाणीच. बायका थांबल्या. एक आजोबा भिंतीला टेकून उभे राहिले. कुणीतरी लिफ्टचा दरवाजा उघडाच धरला, म्हणजे आतल्यांनाही ऐकू जावं. मी वाचत होते: गच्ची, जिना, पंपघर, लिफ्ट, पाण्याची टाकी, वॉचमनची खोली. "यांमध्ये प्रत्येक सदनिकाधारकाचा, पुढे नमूद केलेल्या टक्केवारीने, हिस्सा राहील."

लॉबीत एकदम शांतता पसरली. माझ्या आवाजाला इतकी शांतता आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

"गच्चीत आमचा हिस्सा आहे?" तिसऱ्या मजल्यावरच्या रेवतीबाई म्हणाल्या. ही मंडळी वर्षानुवर्षं गच्चीवर पापड घालायला हर्षदभाईंकडून किल्ली मागून नेत होती.

"लिफ्टमध्ये पण?" आजोबा म्हणाले. ते पहिल्या मजल्यावर राहत आणि लिफ्ट वापरत नसत.

"आणि मला कुणी सांगितलंच नाही!" असं चार-पाच जण एकदम म्हणाले, आणि सगळे आपापल्या दिशेला धावले.

पुढचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. पुढचं वाक्य असं होतं: "सदर हिस्सा अविभक्त असून तो कोणासही विभागून मागता येणार नाही." मी ते वाचलं. अगदी स्पष्ट वाचलं. पण समोर फक्त हर्षदभाई उरले होते आणि त्यांचा चेहरा गच्चीच्या दिशेने वर वळला होता. अध्याय पुरा होण्याआधी उठू नये, असं आमच्याकडे सांगतात ते उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी नितेशचा फोन आला. "काकी, तुम्ही काय वाचलंत तिथे?"

गच्चीवर रेवतीबाईंनी खडूने आपला चौकोन आखला होता आणि त्यात पापड मांडले होते. शेजारच्यांनी त्याला लागून आपला आखला. मग रेवतीबाईंची रेघ त्यांच्या बाजूला चार बोटं सरकली, असा आरोप झाला. पहिल्या मजल्यावरचे आजोबा लिफ्टमध्ये खुर्ची टाकून बसले होते. इतकी वर्षं हिस्सा वापरला नाही, आता बसून तरी वसूल करतो, असं त्यांचं म्हणणं. ते सकाळपासून वर-खाली करत होते आणि आयुष्यात प्रथमच सगळ्या मजल्यांच्या लोकांशी त्यांच्या गप्पा झाल्या होत्या. पंपघरात कुणीतरी सायकल ठेवून तिला कुलूप घातलं होतं, आणि साखळी घातली होती ती नेमकी पंपाच्या व्हॉल्व्हमधून. तेव्हापासून इमारतीत पाणी नव्हतं. वॉचमनच्या खोलीतला आपला हिस्सा बघायला तिघं एकदम आत गेल्यामुळे वॉचमन बाहेर बसला होता.

ही बातमी माधुरीपर्यंत कशी पोचली देव जाणे. "बघ, म्हटलं नव्हतं? केस जातात," ती म्हणाली.

मी श्रुतिकाला फोन केला. ती बराच वेळ हसत होती. वकिलीण म्हणून हे तिला शोभलं नाही. मग म्हणाली, "मावशी, तुझी सही व्हायचीय अजून. तू कुणीच नाहीस तिथे. आणि त्यांच्याकडून ना हरकत मिळाली नाही, तर विकणारा माणूस घाबरून दुसऱ्याला विकेल. तुला औदुंबर हवाय ना? मग गप्प बैस."

गप्प बसायला मला कुणी सांगावं, ही वेळ आली होती. गप्प बसणं ही माझी आयुष्यभराची कमाई.

रविवारी मालकांची खास सभा भरली. विषय एकच: मी. मला आणि ह्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. मालक नसल्यामुळे मत नाही, आणि मत नसल्यामुळे खुर्ची नाही. दार उघडं होतं. आतून सगळं ऐकू येत होतं.

"शांत दिसते, पण घर फोडणारी बाई आहे," कुणीतरी म्हणालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनी मला लिमलेटची गोळी दिली. तेवढंच त्यांच्या खिशात होतं.

"आपण मत घेऊ," हर्षदभाई म्हणाले. मग कळलं, की इथे मतही माणसावर नाही, टक्क्यावर. मोठ्या घराचं मत मोठं. यावरून नवीनच भांडण निघालं. छोट्या घरातल्या बाई म्हणाल्या, "माझा आवाज काय छोटा आहे का?" तो खरोखर नव्हता.

अखेर हर्षदभाईंनीच निकाल लावला. ते थकले होते. पाण्याशिवाय माणूस फार काळ अध्यक्ष राहू शकत नाही. "जुओ," ते म्हणाले, "ही बेन बाहेर राहून एवढं करते. आत घेतली तर निदान नियम तरी लागू होतील."

हा मुद्दा सर्वांना पटला. इमारतीच्या इतिहासातला तो पहिला एकमताने झालेला ठराव. हे मला म्हणाले, "तुझ्यामुळे एकी झाली बघ." मला तो सन्मान वाटला नाही, पण ना हरकत मिळाली.

राहता राहिला तळमजला.

तिथे दत्ताराम राहतात. एकटे, मूळचे वेंगुर्ल्याकडचे, एका तेलाच्या कंपनीतून निवृत्त झालेले. या सगळ्या गदारोळात गच्चीवर, लिफ्टमध्ये किंवा पंपघरात जो एकटा माणूस गेला नव्हता, तो हा. मी दारात उभी राहून सगळी हकीकत सांगितली. बुंध्याचा मध्य, राखीव जागा, मर्यादित सामाईक क्षेत्र.

त्यांनी गंजीफ्रॉक नीट केला आणि म्हणाले, "वैनी, येवा नि फिरा. झाडाभोवती फिराक कोणाक इचारूचा लागता काय?"

इथे कुणीही शहाणी बाई नमस्कार करून घरी गेली असती. पण इतके दिवस घोषणापत्र वाचून माझं डोकं बिघडलं होतं. मी हळूच म्हणाले, "ते खरं हो. पण लेखी दिलंत तर बरं. उद्या तुम्ही घर विकलंत तर?"

त्यांचा चेहरा पडला. "लेखी?" ते म्हणाले. "देवाक जावक लेखी?"

"तसं नव्हे..." मी म्हणाले, पण ते तसंच होतं.

त्यांनी झाडाकडे बघितलं. मग त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली. ती मला तेव्हाच ओळखता यायला हवी होती. "बरा," ते म्हणाले. "लेखी देतंय. मगे माझीय एक अट लेखी घालूची. कागद म्हटलो की दोन्ही बाजूंनी होवक व्हयो. तुमची भाची वकील असा ना? घाला तिका फोन."

मी फोन लावला आणि तो त्यांच्या हातात दिला. ते अंगणात गेले. बराच वेळ बोलणं झालं. श्रुतिका दोनदा मोठ्याने हसलेली मला दारापर्यंत ऐकू आली.

दोन दिवसांनी खरेदीखताबरोबर तो कागदही तयार झाला. मी तो चौरंगावर ठेवून वाचायला बसणार होते. पण ह्यांनी घाई केली. नोंदणीची वेळ ठरलेली होती, रिक्षा खाली उभी होती. "तुझ्या भाचीनंच केलंय ना? फुली आहे तिथे सही कर," हे म्हणाले. आणि मी, इतकी पारायणं करणारी बाई, फुली बघून सही केली.

राहायला आल्यावर दत्तजयंतीच्या पहाटे मी तांब्या घेऊन खाली उतरले. औदुंबराच्या राखीव अर्ध्या बाजूला, नेमकी माझ्या वाटेच्या आतल्या अंगाला, एक भली मोठी चटई अंथरलेली होती आणि तिच्यावर सुके बोंबील, बांगडे, जवळा असं सगळं मांडलेलं. वर औदुंबराच्या फांद्यांवर कावळ्यांची सभा भरली होती, आणि तिथे प्रत्येकाचं मत सारखं होतं. दत्ताराम दारात उभे होते. त्यांनी नमस्कार केला आणि एक लांब काठी अदबीनं माझ्या हातात दिली.

"मार्गशीर्षात मी खायत नाय हां, वैनी," ते म्हणाले. "पण वाळत घालूक काय हरकत? कलम तीन वाचलात मा?"

कलम तीन मी तिथेच, तांब्या खाली ठेवून वाचलं. "सदर हक्काच्या बदल्यात, प्रदक्षिणा करणाऱ्या सदनिकाधारक प्रदक्षिणेच्या काळात राखीव जागेवर वाळत घातलेल्या जिन्नसांचे पक्ष्यांपासून रक्षण करतील." भाषा इतकी स्वच्छ होती, की श्रुतिकाचा मला अभिमानच वाटला असता.

तेव्हापासून रोज सकाळी एका हातात जपमाळ, दुसऱ्या हातात काठी. सामाईक बाजूला मी जप करते आणि राखीव बाजूला "हाड हाड" करते. वास येतो, पण देवाच्या झाडाखाली वासाची तक्रार कुणाकडे करायची? दत्ताराम आतून चहा पाठवतात. तो चांगला असतो, हेही सांगितलं पाहिजे.

फक्त आमचे हे अस्वस्थ आहेत. ते खिडकीतून खाली बघतात आणि मी काठी उगारली की कपाळाला हात लावतात. परवा म्हणाले, "अगं, त्यांना इतकं हाकलू नकोस. उद्या मी गेल्यावर पिंडाला शिवायला याच भागातले कावळे येणार. तुला ओळखलं त्यांनी, तर?"

मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी श्रुतिकाला फोन केला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, कावळे सामाईक आहेत. त्यांच्यावर राखीव हक्क कुणालाच मिळत नाही. काकांना सांग, दत्तारामांशी जमवून घ्या. थोडा जवळा कावळ्यांना टाकायला लावा. पण हे लेखी करायला जाऊ नकोस."